नोंदवहीत न आलेले शॉट

डॉ. हिराजी विशे सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते शहापूरच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत जमिनीवर आडवे पडले होते. एका पोलादी नळीखाली डोके घालून ते नळीतली हवा ओढणाऱ्या पंपाचा आवाज ऐकत होते. मी शेणव्याहून पहिल्या एसटीने आले होते, एम.एस्सी. नुकतीच झाली होती. "हवा शिरतेय कुठूनतरी. ऐकू येतंय का बघ," असे ते न उठताच म्हणाले. मला काही ऐकू आले नाही, तरी मी हो म्हटले. कुठून, असे त्यांनी विचारल्यावर मी नळीभर नजर फिरवू लागले. सर उठले, हात पुसले आणि शांतपणे म्हणाले की ऐकू आले नाही तर नाही म्हणावे, इथे त्याने कुणी लहान होत नाही.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मी तीन मसुदे लिहिले आणि तिन्ही फाडले. सरांची विद्वत्ता, साधेपणा, शिस्त, सारे त्यांत होते. एक गोष्ट मात्र नव्हती. ती वगळून बाकीचे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, हे ठरेना. आताही हे मी सरांसाठी लिहिते आहे की स्वतःची सुटका म्हणून, याची मला खात्री नाही. वाचकांनीच ठरवावे.

सरांचे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वायू अतोनात तापवला की त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होऊन प्लाझ्मा होतो. हा प्लाझ्मा पुरेसा तापवून पुरेसा वेळ एका जागी कोंडता आला, तर सूर्यात होते तसे अणुकेंद्रांचे संलयन घडवून ऊर्जा मिळवता येईल. पण तो कुठल्याही भांड्याच्या भिंतीला टेकला की थंड होतो, म्हणून त्याला चुंबकाच्या बळावर अधांतरी धरावे लागते. सरांची नळी सरळ होती. दोन्ही टोकांना चुंबकीय बळ वाढवलेले, म्हणजे कण तिथून माघारी फिरावेत. बरेच फिरतात, काही निसटतात. या निसटण्याचा सरांनी आयुष्यभर पाठलाग केला. एका मोठ्या संस्थेने मोडीत काढलेले उपकरण त्यांनी मागून घेतले, टेम्पोत घालून शहापूरला आणले आणि त्याच्या चुंबकांची तारेची वेटोळी स्वतःच्या हाताने पुन्हा गुंडाळली.

मुलगी तिथे दिवसभर काय करते, हे माझ्या वडिलांना कळत नव्हते, म्हणून ते मला पाठवायला कां-कूं करत. एका रविवारी सर स्वतः शेणव्याला आमच्या घरी आले. भाताच्या खाचरात पाणी राहावे म्हणून आपण बांध घालतो, तसे हे आहे, असे त्यांनी सांगितले. वडील म्हणाले, "म्हणजे तुमी विस्तवाला बांध घालता. मंग खेकड्यांनी बिळं कुठं पाडलीत ती शोधा ना." सर मोठ्याने हसले आणि म्हणाले की तीस वर्षे तेच चालले आहे. त्या दिवसापासून वडिलांनी मला अडवले नाही. संध्याकाळची गाडी मला चुकू नये म्हणून सरांनी प्रयोगाची वेळ सकाळी सातवर आणली. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, माझ्यासाठी एक जादा भाकरी बांधून देत, आणि ती मी संपवली की नाही याची चौकशी सरांकडे करत.

प्रयोगशाळेत सरांचा एक नियम होता. नळीत एकदा प्लाझ्मा पेटवला की तो एक शॉट. प्रत्येक शॉटचा क्रमांक आणि त्या वेळचे व्होल्टेज पेनाने नोंदवहीत लिहायचे, तेही पडद्यावरचा आलेख बघण्याआधी. शॉट फसला तरी नोंद राहायची.

हा नियम मी मोडला. दुपारी शेतांवरचे पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पडायचे. चुंबकीय बळ कमी व्हायचे आणि प्लाझ्मा लवकर निसटायचा. आम्ही तेव्हा टोकाजवळ एक जादा वेटोळे बसवून बघत होतो. मी शॉट आधी कच्च्या कागदावर उतरवू लागले आणि संध्याकाळी त्यांतले निवडून नोंदवहीत घेऊ लागले. जादा वेटोळे असताना प्लाझ्मा लवकर विझला, तर मी व्होल्टेजचा दोष समजून तो शॉट सोडून द्यायची. वेटोळे नसताना तसेच झाले, तर मात्र ठेवायची. मुद्दाम करत होते का? तेव्हा नाही वाटले. आज वाटते की कुठेतरी माहीत होते, कारण कच्चे कागद मी प्रयोगशाळेत न ठेवता घरी नेत असे.

नव्या वेटोळ्याने प्लाझ्मा जास्त काळ टिकतो, असा आम्हा दोघांच्या नावाने एका नियतकालिकात शोधनिबंध छापून आला. सरांना त्या मोठ्या संस्थेने बोलावले. तिथल्या मोठ्या यंत्रावर तसे वेटोळे बसवले गेले आणि काहीच फरक पडला नाही. सर परत आले आणि त्यांनी मला विचारले, "नोंदवहीत सगळे शॉट आहेत ना?" मी हो म्हटले. त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत एवढेच आहे: सरांनी विचारले, सांगितले. काय सांगितले ते मी स्वतःच्या वहीतही लिहिले नाही.

पुढे उन्हाळाभर सरांनी एकट्याने सगळे शॉट पुन्हा घेतले. मग निबंध मागे घेणारे पत्र त्यांनी स्वतःच्या एकट्याच्या सहीने पाठवले. "नोंदी तपासण्यात माझ्याकडून कसूर झाली," असे सरांनी त्यात लिहिले होते. संस्थेने त्यांना पुन्हा बोलावले नाही. महाविद्यालयाचे अनुदान थांबले. मला त्यांनी वेगळ्या प्रश्नावर, पहिल्यापासून, तीन वर्षे काम करायला लावले. त्यावर मला पदवी मिळाली आणि मुरबाडच्या महाविद्यालयात नोकरीही. विशेंनी आकडे फिरवले होते, असे मी नंतर दोनदा लोकांच्या तोंडून ऐकले, आणि दोन्ही वेळा चहा पीत राहिले.

या लेखामुळे अखेर मी मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले आणि वैशाखऱ्याला उतरले. निवृत्तीनंतर सर तिथे गावी राहतात. पडवीत बसून मी सगळे सांगितले. आधी काकूच म्हणाल्या, "जीप रोज येते गो इथं. तुलाच वीस वरसं लागली?"

मग सर म्हणाले की प्लाझ्मा पेटवायच्या स्विचला प्रत्येक शॉट मोजणारे यंत्र होते आणि त्याचा आकडा नोंदवहीतल्या शॉटपेक्षा मोठा होता. संस्थेतून आल्यावर त्यांनी आधी तेच बघितले होते. मग मला पुन्हा का विचारले नाही, असे मी म्हटले.

"एकदा विचारलं होतं," सर म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनीच सांगितले की त्यांना राग होता, बरीच वर्षे होता. नोकरी लागल्यावर मी नेलेल्या पेढ्यांना त्यांनी हात लावला नव्हता. "मी खाल्ले," काकू म्हणाल्या. "पेढ्यांनी काय केलं होतं?"

हे सारे गौरवग्रंथात लिहू का, असे मी विचारले. सर म्हणाले, "हा ग्रंथ माझी माणसं वाचतील. निबंध वाचणारे वेगळे. आधी तिकडं लिही, मग इथं. माझं पत्र खोटं नव्हतं, नोंदी न जुळवता निबंधावर सही मीच केली होती. पण ते अर्धं होतं."

उरलेले अर्धे मी लिहून त्याच नियतकालिकाला पाठवले आहे आणि एक प्रत माझ्या प्राचार्यांना दिली आहे. दोन्हीकडून अजून उत्तर नाही. काय येईल ते येवो. आपल्यापैकी ज्यांनी सरांनी आकडे फिरवल्याचे बोलणे ऐकले असेल, त्यांना माझी विनंती आहे की शॉट मी गाळले होते, हे माझे नाव घेऊन सांगावे.

निघताना सरांनी विचारले की ते कच्चे कागद मी फाडले का. फाडले नव्हते. तेवढे धैर्यही मला झाले नव्हते. पुढच्या रविवारी मी ते नेऊन दिले. सरांनी चष्मा बदलला, पहिले पान उजेडाला धरले आणि मी समोर बसले आहे हे ते विसरून गेले. आता आठवड्यातून दोनदा त्यांचा फोन येतो. अमुक शॉटच्या व्होल्टेजमधला हा आकडा एक आहे की सात, एवढेच विचारतात आणि ठेवून देतात. पडत्या व्होल्टेजला प्लाझ्मा नेमका कसा निसटतो, ते त्यांना त्या कागदांतून बघायचे आहे. त्यातून फार काही निघेल असे मला वाटत नाही, त्यांनाही वाटत नाही. पण पाने पुष्कळ आहेत आणि माझे अक्षर वाईट आहे. सरांना ती सगळी लावून होतील एवढे आयुष्य लाभो, डोळे असेच शाबूत राहोत, आणि ती संपल्यावरही मला विचारायला त्यांच्याकडे काहीतरी उरलेले असो.