सरळ केलेली नदी

आमच्या बाबांचा लाडका शब्द म्हणजे ‘सरळ करतो’. बैल अडला, सरळ करतो. आई उलट बोलली, सरळ करतो. आणि करायचेही, चुलीतल्या लाकडानं. म्हणून त्यांनी नदीला सरळ करायचं मनावर घेतलं तेव्हा मला बिचाऱ्या नदीची कीवच आली.

पाम गावाजवळ आमच्या शेताला नदीचं मोठं वळण होतं. पावसात तिथं पाणी तुंबायचं, भात कुजायचा. तारापूरला अणुभट्टीचं काम चाललं होतं. तिथली यंत्रं जमीन कशी कापतात ते बघून आल्यापासून बाबांना चैन नव्हतं. त्यांनी गावातले पुरुष जमवले आणि उन्हाळाभर वळण टाळून सरळ चर खणला.

माझी थोरली बहीण खाली, खाडीच्या तोंडाशी दिलेली. ती पोर कडेवर घेऊन धावत आली. “बाबा, वळण राऊ द्या. पाणी इथं दम खातं म्हणून आमी खाली जगतो. उधाणात एकदम आलं तर माझं घर जाईल.”

“तुला सरळ करायला नवरा हाय ना? मग नदीत कशाला नाक खुपसतेस?” बाबा म्हणाले. चरातले सगळे खो खो हसले. मेले! ती पाणीही न पिता परत गेली.

पहिल्याच पुरात पाणी आमच्या शेताला न शिवता सुसाट गेलं. बाबा बांधावर उभं राहून मिशीला पीळ देत होते. खाली उधाणाची भरती चढलेली. भर दुपारी नदीचं आणि भरतीचं पाणी एकदमच बहिणीच्या घरात शिरलं. घर गेलं. पोर दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत अडकलेलं सापडलं.

निरोप आला तेव्हा बाबा जेवत होते. “पोर संभाळता येत नाय?” म्हणाले आणि ताटातला भात संपवला. त्या साली आमचं शेत तरारून पिकलं. मला तो भात गिळवत नव्हता.

पुढे काही वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले. जीव जाईना. शेवटचं पाणी थोरलीच्याच हातचं हवं, हा त्यांचाच हट्ट. बोलावलं, ती आली. आईनं तिच्या हातात पाण्याचा चमचा दिला. बाबांनी तोंड उघडलं.

बहिणीनं चमचा जमिनीवर उपडा केला.

“पाणी खालून वर येत नाय, बाबा.”

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. आईनं चमचा उचलला, पदराला पुसला आणि फळीवर ठेवून दिला. पुन्हा भरला नाही.