गद्रे काकांचे संशयित

गद्रे काका कुठलीही गोष्ट जोडली की ओढून बघत. गॅसचा रेग्युलेटर, दाराचं कुलूप, चार्जरची पिन, पाहुण्यांच्या पिशवीचा बंदसुद्धा. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले त्याच दिवशी मी सायकल घेऊन लिफ्टमधून बाहेर पडले. ते म्हणाले, "हेल्मेटचा पट्टा ओढून बघितलास का?" मी "हो" म्हटलं आणि दार लावून घेतलं. अनोळखी माणसांशी मला बोलता येत नाही. आतून दाराच्या भिंगातून पाहिलं, तर ते अजून तिथेच उभे होते आणि खूश दिसत होते. काकूंना नंतर म्हणाले म्हणे, "मुलगी बरी आहे. विश्वास ठेवत नाही."

ते रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले होते. "सिग्नलचा नियम एकच. खात्री नसेल तर लाल." घरातही हाच नियम होता. काकू हसून सांगायच्या, "लग्नाआधी माझी पत्रिका दोन वेगळ्या गुरुजींना दाखवली. दोघांचं जुळलं, तेव्हा म्हणाले, हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत ना?"

निवृत्तीनंतर ते रोज सकाळी सायकलवर टिटवाळ्याच्या बाजूला जात. मग त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं बधिर राहिली. गिअरची खटकी दाबायला जोर लागतो, तो त्या बोटांत उरला नव्हता. वर्तकनगरला राहणारा मुलगा म्हणाला, "बाबा, सायकल विकून टाकू." काकांनी त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक गिअर मागवले. यात खटकीच्या जागी हलकी बटणं असतात, सीटच्या नळीत बॅटरी असते, आणि वायर सायकलच्या पोटातून मागच्या मोटरपर्यंत जाते. बटण दाबलं की मोटर साखळी सरकवते.

वायर ओवायला त्यांनी मला बोलावलं. मला संशय आला, मीच का? ते म्हणाले, "तू जास्त बोलत नाहीस म्हणून." आधी नळीत रेशमाचा दोरा सोडला, दुसऱ्या टोकाला घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावून तो ओढून घेतला, आणि दोऱ्यामागून वायर आणली. वायरचं टोक खाचेत बसलं की बोटाला बारीकशी टिचकी जाणवते. त्यांना ती जाणवत नव्हती, आणि वयामुळे बारीक आवाजही ऐकू येत नव्हता.

"बसली?"

"बसली."

"कशावरून?"

"काका, जाणवली."

"तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'जाणवली' हा पुरावा धरतात का? ओढ." मी ओढलं. प्रत्येक जोड ओढला.

पहिल्याच सकाळी बॅटरी रिकामी निघाली. पुन्हा चार्ज केली, तर दुसऱ्या सकाळीही तेच. शिवाय संध्याकाळी मधल्या चक्रावर ठेवलेला गिअर सकाळी एकदम टोकाला गेलेला असे. काकांनी निष्कर्ष काढला की रात्री कुणीतरी हात लावतंय. सायकल मजल्याच्या पॅसेजमध्ये असायची. तिच्यावर सतरंजी टाकून ते ती नायलॉनच्या दोरीने खिडकीच्या ग्रिलला बांधत. आता ते आणखी आवळून बांधू लागले. तरी बॅटरी संपतच राहिली. वॉचमन, दूधवाला, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग एका सकाळी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुठलं बटण काय करतं, हे या मजल्यावर दोघांनाच माहीत आहे. मला आणि तुला."

मी घरी आले आणि त्यांच्याकडे जाणं बंद केलं. रागात मलाही त्यांचा संशय येऊ लागला. झटक्यानंतर माणूस विसरतो म्हणतात. हेच रात्री बटणं दाबत असतील आणि विसरत असतील.

काकू आल्या. म्हणाल्या, "रविवारी मुलगा येतोय. तोवर चार्ज टिकला नाही तर सायकल ने म्हणून यांनीच सांगितलंय. तू येणं बंद केलंस त्या दिवसापासून यांचं जेवण कमी झालंय गं."

शनिवारी संध्याकाळी मी कचरा ठेवायला दार उघडलं, तर काका सायकल बांधत होते. त्यांनी सतरंजीवरून दोरी घेतली, हँडलला वेढा दिला आणि जोर लावून आवळली. सतरंजीखालून मोटरचा बारीक आवाज आला. गिअर टोकापर्यंत सरकत गेला. काकांना काहीच ऐकू आलं नाही. ते गाठ ओढून बघत होते.

"काका, दोरी."

"काय दोरीचं?"

"बटणावर बसतेय. रात्रभर दाबलेलं राहतं."

त्यांनी सतरंजी वर केली आणि बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता मान्य करतील. ते म्हणाले, "सिद्ध कर." त्या रात्री सायकल मोकळी ठेवली. मुलाला फोन करून एक आठवडा थांबायला सांगितलं. सकाळी चार्ज शाबूत होता. पुढच्या रात्री मुद्दाम बांधली, तर बॅटरी उतरली. त्यांनी पुरावा मागितला याचं मला वाईट वाटलं नाही. माझ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवला असता, तर तो मला दयेसारखा वाटला असता.

काकूंनी चहा आणला. काका त्यांना म्हणाले, "संशयितांतून हिचं नाव काढ." मग कप खाली ठेवून म्हणाले, "माझं घालायचं राहून गेलं होतं."

त्यानंतर त्यांनी पुन्हा टिटवाळ्याचा रस्ता धरला आणि मी त्यांच्या मागे. रस्त्यावरून नजर काढता येत नाही, बोटाला बटण कळत नाही, कानाला मोटर ऐकू येत नाही. त्यामुळे चढ आला की ते पुढे बघतच विचारायचे, "बदलला?" मी साखळीकडे बघून "बदलला" म्हणायचे. गिअर बदललेला नसताना जोर लावला, तर चढावर तोल जाऊन माणूस पडू शकतो. माझा शब्द आला की ते उभे राहून पूर्ण जोर लावत.

पावसाळ्याआधी त्यांना दुसरा झटका आला आणि त्यातच ते गेले. त्या सगळ्या महिन्यांत "बदलला"नंतर त्यांनी एकदाही "कशावरून" विचारलं नाही.