बारा साड्यांची शर्यत

आमच्या थोरल्या मेव्हण्यांवर जेवढा अन्याय झाला आहे, तेवढा अखिल मानवजातीत आजवर कुणावरही झालेला नाही. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. आणि हिंदी मुलखातल्या आमच्या अख्ख्या माधवगंज मोहल्ल्यात त्यांच्यासमोर दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नाही. चौदाव्या वर्षी, गल्लीतल्या गणपतीच्या स्पर्धांत, ते धावण्याच्या शर्यतीत हरले. हरवणारी होती त्यांची अकरा वर्षांची धाकटी बहीण, जी पुढे दुर्दैवाने (कुणाच्या, ते लिहीत नाही) माझी बायको झाली.

हरण्याची कारणं बदलत असतात. आधी चपलेचा अंगठा तुटला होता, मग वाटेत गाय आली, आणि अलीकडे तर त्या दिवशी त्यांना ताप असल्याचंही निष्पन्न झालं आहे. तेव्हापासून दर गणपतीत शर्यत पुन्हा होते आणि दर गणपतीत ते पुन्हा हरतात. आज वय अठ्ठावन्न, पण लग्नालासुद्धा धावण्याचे बूट घालून येतात. सुनेसाठी पाटल्या घ्यायला आम्ही सराफ्यात गेलो, तर सोनार वजन करीपर्यंत यांनी दुकानात वीस बैठका काढल्या! अंतर मोजायला त्यांना टेप चालत नाही. पहिल्या शर्यतीचं अंतर सासूबाईंनी आपली जांभळी नऊवारी रस्त्यावर बारा वेळा अंथरून मोजलं होतं. सासूबाई गेल्या, पण ती साडी दरवर्षी पेटीतून निघते. "टेप झूठ बोलेल, आईची साडी नाही बोलणार," असं ते बजावतात.

आणि पंच कोण? मी! निकाल बायकोच्या बाजूने दिला की "जावईबापू, तुम्ही बिकलेले आहात!" आणि त्यांच्या बाजूने देण्याची वेळ त्यांनी माझ्यावर कधी आणलीच नाही.

यंदा उन्हाळ्यात बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. धावणं कायमचं बंद. ही बातमी सांगायला मलाच पाठवलं. मेव्हणे लालबुंद झाले.

"असं कसं बंद? मला विचारलं होतं?"

"गुडघा तिचा आहे, दादा."

"पण शर्यत माझी आहे ना!"

मंडळाच्या सेक्रेटरींनी समजूत काढली, की समोर कुणी नाही तर यंदाचा कप आपोआप तुमचाच. मेव्हणे असे गरजले की छपरावरची कबुतरं उडाली. "रखो अपना कप! मी काय भिकारी आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते बूट घालून आमच्या दारात हजर. मला वाटलं, माझ्याशी भांडायला आले. ते सरळ आत गेले आणि बायकोच्या पायाशी स्टूल ओढून बसले.

"चल छोटी, पाय सीधा कर. दहा वेळा."

"दादा, तू डॉक्टर आहेस की थानेदार?"

"मी तुझा प्रतिस्पर्धी आहे. आठ झाले, बेईमानी नको करूस. नऊ..."

हे रोज, दोन महिने. माझा चहा रोज गार, आणि त्याबद्दल दोघांपैकी एकालाही खंत नाही!

शर्यतीच्या दिवशी त्यांनी साडी अंथरली. एकदाच. "उरलेल्या अकरा पुढच्या वर्षी," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. मी शिट्टी वाजवली. बायको एका हातात काठी आणि दुसरा भावाच्या खांद्यावर ठेवून निघाली. गल्ली श्वास रोखून बघत होती. आम्हाला युग वाटावं इतक्या वेळाने दोघं पदरापाशी पोचले, आणि तिने काठी सरसावून अर्धं पाऊल पुढे टाकलं.

मी निकाल दिला.

"धांधली! बेईमानी!" मेव्हणे कडाडले. "खांदा माझा होता, जावईबापू! माझ्या खांद्यावर जिंकली ती!"

"मग काढून घ्यायचास खांदा," बायको म्हणाली.

मेव्हण्यांनी वाकून साडी उचलली, पदर तिच्या हाती दिला आणि दुसरं टोक धरून ते लांब गेले. घडी घालताना दोघं एकेक पाऊल जवळ येत होते, आणि त्यातही आधी कोण पोचतं यावरून त्यांचं भांडण सुरू झालं होतं. शिट्टी माझ्या तोंडातच होती, पण ती काही माझ्याच्याने वाजवली गेली नाही.