कीबोर्डवरचा नारळ

उंब्रजमध्ये कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की पहिली हाक मला येते. एकदा मी एका प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता. तेवढ्या भांडवलावर माझं नाव पार शिराळ्यापर्यंत पोचलं, तिथल्या नागांनासुद्धा माझा नंबर पाठ असेल. मीही कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही.

त्या खंडेनवमीला हाक आली शेजारच्या घरातून. तिथले सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, आणि काकू म्हणजे त्यांचं मुख्यालय. मुलगाही फौजेत, लांब डोंगरात. मागच्या महिन्यात तो घसरून पडला आणि ‘पायाला किरकोळ लागलंय’ एवढंच त्यानं फोनवर सांगितलं. आता हा ‘किरकोळ’ काकूंना चांगलाच ठाऊक होता. तरुणपणी सुभेदारांनीही असंच किरकोळ कळवलं होतं, आणि घरी आले ते कमरेपासून खाली प्लॅस्टरमध्ये, चौघांच्या खांद्यावर. त्यामुळं पोरगं स्वतःच्या पायावर उभं आहे हे डोळ्यांनी बघेपर्यंत काकूंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नजर अधू, मोबाईलवर त्यांना त्याचा चेहरा सुपारीएवढा दिसायचा. म्हणून सुभेदारांनी कॉम्प्युटरला खळ्याएवढा स्क्रीन आणून बसवला होता. पोरगा दुपारी व्हिडिओ कॉल करणार होता. तिथली रेंज मर्जीची, आज हुकलं तर पुन्हा कधी लागेल याचा नेम नव्हता.

मी गेलो तर स्क्रीन उलटा. खालचं सगळं वर, वरचं खाली, घड्याळ डोक्यावर उभं. माऊस उजवीकडं सारला की बाण डावीकडं पळे. वठणीवर न आलेल्या खोंडाला नांगराला जुंपल्यासारखं वाटत होतं.

मी गंभीर चेहऱ्यानं मागच्या वायरी काढून पुन्हा घातल्या. पीनमध्ये फुंकर मारली. बंद करून चालू केला. टेबलाखाली शिरून तिथून बराच वेळ ‘हं, हं’ असा आवाज काढला. चित्र उलटं ते उलटंच.

आता खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. कोयता, खुरपं, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर यांच्या जोडीनं काकूंनी कॉम्प्युटरचीही केली होती. स्क्रीनला झेंडूची माळ, माऊसला हळदकुंकू आणि कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यावर चांगला थोराड नारळ. मी तो जरा बाजूला करायला गेलो, तर काकूंनी हात धरला. पूजेतला नारळ दसऱ्याला सकाळी उचलायचा, त्याआधी हलवायचा नाही. या घरात त्या सासू होऊन आल्यापासून हे मोडलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. सून म्हणायचं असावं, पण वाद घालायची माझी छाती नव्हती.

तेवढ्यात कॉल आला. बाण उलटा पळवत पळवत मी तो कसाबसा घेतला. पडद्यावर पोरगं वटवाघळासारखं लोंबकळत होतं. काकूंनी मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली, मग खुर्चीची पाठ धरली.

सुभेदारांनी फौजी तोडगा काढला. चित्र उलटं तर स्क्रीनच उलटा करायचा. आम्ही दोघांनी माळेसकट तो उचलून फिरवला. पोरगं सरळ झालं खरं, पण कॅमेरा स्क्रीनलाच चिकटवलेला, त्यामुळं त्याच्याकडं आम्ही उलटे झालो. वजनानं सुभेदारांचे हात भरून आले. स्क्रीन खाली कलला आणि कॅमेऱ्यात कीबोर्ड दिसला.

पोरगं हसायला लागलं. “आवं आबा, नारळ कुणी ठेवलाय त्याच्यावर? तीन बटनं एकदम दाबली गेल्याती. कंट्रोल, आल्ट आणि खालचा बाण. नारळ उचला आन् त्याच दोन बटनांसंगं वरचा बाण दाबा.”

मी म्हणालो की माझाही अंदाज तोच होता. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं नाही, काकूंकडं बघितलं.

काकूंनी पदर डोक्यावर घेतला, नारळाला हात जोडले आणि दोन्ही हातांनी तो उचलून पोटाशी धरला. “देवीला मी सांगते काय सांगायचं ते,” म्हणाल्या. “तू दाब रं.”

आम्ही स्क्रीन पुन्हा पहिल्यासारखा करून टेबलावर ठेवला, मी बटनं दाबली. अख्खा स्क्रीन अंधारून पुन्हा उजळला, आणि पोरगं सरळ.

“ऊठ,” काकू म्हणाल्या. “चालून दाव.”

त्यानं फोन कशावर तरी टेकवला आणि काठीला हात घातला. मग भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. डावा पाय ओढत होता, पण दोन्ही पाय त्याचेच होते.

“आये, लंगडतोय जरा. किरकोळ हाय.”

काकू स्क्रीनच्या इतक्या जवळ गेल्या की माळेतला झेंडू त्यांच्या केसांत अडकला.

“व्हय, आता पटलं,” त्या म्हणाल्या. “खाली बस. उगा उभा ऱ्हाऊ नगंस.”

मग त्यांनी नारळ सुभेदारांच्या हातात दिला आणि फोडायला सांगितलं. दसऱ्याची वाट न बघता सुभेदारांनी तो उंबऱ्यावर फोडला. पहिलं शकल काकूंनी कॅमेऱ्यासमोर धरली, आणि तिकडं त्या पोरानं खरोखर तोंड उघडलं.