उंदरांना वाट देणाऱ्या बाईजी

बाईजी उंदरांशी अहो-जाहो करून बोलायच्या. बिळासमोर फरशीवर मांडी घालून बसायच्या, पुदिन्याच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा काडीने आत सारायच्या आणि म्हणायच्या, "महाराज, आता दुसरी जागा बघा. आमचा राग नाही तुमच्यावर. पण इथं माणसं राहतात." एवढं बोलून दोन मिनिटं गप्प बसायच्या. उत्तराची वाट बघत असाव्यात.

त्या आमच्या घरमालकीण. चाळीसगावात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो, खाली त्या राहायच्या आणि रस्त्याकडेला त्यांच्या यजमानांचं काष्ठौषधीचं दुकान होतं. मूळ राजस्थानातलं जैन कुटुंब, पण बाईजींचा जन्मच मुळी धुळ्याचा. खोल्या दाखवताना त्यांनी अट घातली होती, "भाऊ, या घरात उंदीर मारायचा नाही. औषध नाही, तो चिकट पुठ्ठा तर नाहीच नाही. पिंजरासुद्धा नको, आत धडका मारून नाक फोडून घेतो बिचारा. त्रास झाला तर मला हाक मारा." मी हसून हो म्हटलं. तेव्हा मला घर हवं होतं. उंदरांचा विचार कोण करतो?

घर हवं होतं याचं कारण सांगायला हवं. माझी नोकरी बदलीची. लग्न झाल्यापासून मी आज या गावी, उद्या त्या गावी, आणि बायको रत्ना धुळ्याला माझ्या आईवडिलांचं करत बसलेली. तिने तक्रार केली नाही, आणि तिने तक्रार केली नाही हेच मला जास्त लागायचं. थोरला भाऊ धुळ्याला परतला तेव्हा कुठे आम्हाला दोघांना आमचं असं पहिलं घर मिळालं, ते हे बाईजींच्या माडीवरचं. तिने खिडक्यांना पडदे स्वतः शिवले होते. हे घर टिकावं म्हणून मी काहीही केलं असतं.

आणि पंधरवड्याच्या आत रत्नाने तांदळाचा डबा उघडला तर आतून उंदीर उडी मारून तिच्या हातावरून गेला. रत्ना कशाला भीत नाही, पण उंदराला भिते. भीती वाटली की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी येते. ओट्यावर उभी राहून ती ओरडली, "आठे उंदीर शे! मी भडगावले जासू!" आणि खाली उतरली ती थेट माहेरी जायची बॅग काढायलाच.

मी बाईजींना हाक मारली. त्या वर आल्या, बॅग पाहिली, रत्नाच्या पाठीवरून हात फिरवला. "बेटा, चार-सहा दिवस दे मला. माझ्या घरातून सून उंदरामुळे गेली असं गावाने म्हणावं का?" रत्ना त्यांची सून नव्हती. पण बॅग मिटून कपाटावर गेली.

बाईजींचा पहिला उपाय फसला. त्यांनी हिंगाच्या पाण्यात कणीक मळून गोळ्या केल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. सकाळी एकही गोळी शिल्लक नव्हती. बाईजी कमरेवर हात ठेवून रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिल्या. "फोडणीचं आवडतं वाटतं यांना." मग त्या इतक्या हसल्या की रत्नालाही हसू आवरेना. हरल्याचं त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. त्या लगेच दुकानात जाऊन वेखंड, भीमसेनी कापूर आणि पुदिन्याचं फूल घेऊन आल्या. हे फूल म्हणजे बर्फासारखे पांढरे खडे. ते तेलात विरघळवून झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी यायचं.

आता माझ्यातला अपराधी नवरा जागा झाला. बाईजी मंदिरात गेलेल्या पाहून मी एका रविवारी सगळं काम एकट्याने उरकलं. प्रत्येक बिळात बोळा, दाराच्या फटीत बोळा, मोरीच्या तोंडाशी दोन. घराला बाम लावल्यासारखं झालं होतं. मी समाधानाने बसलो, आणि तेवढ्यात भिंतीतून खुडबुड सुरू झाली. बाहेरच्या सगळ्या वाटांवर तो वास, म्हणून उंदीर आत आले. एक पडद्यावर चढला. दुसरा पलंगावर, रत्नाच्या उशीवर.

मंदिरातून परतलेल्या बाईजी जिन्यातूनच ओरडल्या, "काय झालं?" आत येऊन त्यांनी सगळे बोळे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, जा म्हणता आणि दार लावून घेता? मग त्यांनी जायचं कुठून?"

रत्ना टेबलावर उभी होती. तिथूनच ती म्हणाली, "बाईजी, यांना आधी घालवा. उंदरांचं नंतर बघू."

मग बाईजींनी त्यांच्या रीतीने काम सुरू केलं. सगळे बोळे काढले. पहिल्या दिवशी फक्त निजायच्या खोलीत लावले. मग मधल्या खोलीत. मग स्वयंपाकघरात. वास रोज एक पाऊल पुढे सरकायचा, आणि मागच्या गॅलरीतलं एकच भोक त्या मोकळं ठेवायच्या. डबे घट्ट झाकणांचे आणवले, रात्री ओट्यावर भाताचं शीतसुद्धा राहू दिलं नाही. "वास किती दिवस टिकणार? तीन दिवसांनी उडतो. खायला मिळालं तर नाक दाबून येतील." भोकासमोर त्यांनी पिठी भुरभुरवली होती. एका सकाळी त्या पिठीत बाहेर जाणारी इवली पावलं उमटली होती, आत येणारी नव्हती. आणखी दोन दिवस तसंच राहिलं, तेव्हा बाईजींनी भांडी घासायची तारेची घासणी भोकात कोंबली आणि वरून सिमेंट लिंपायला मला सांगितलं. तेवढं काम मला जमलं.

उंदीर गेले. आठवडा शांत गेला. मग एका दुपारी रत्ना वाटीभर आमटी द्यायला खाली गेली, तर बाईजी स्टुलावर बसून आपल्या फडताळाशी बोलत होत्या, "महाराज, ओळख आहे ना आपली?" गॅलरीतलं ते भोक त्यांच्याच मागच्या अंगणात उघडत होतं. आमचे उंदीर त्यांच्या स्वयंपाकघरात आले होते, आणि असं होणार हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

"पण बाईजी, तुम्ही आमच्यासाठी..." रत्ना वाटी हातात धरून दारातच थांबली.

"मी नाही भीत त्यांना. तू भितेस," बाईजी म्हणाल्या. "आण ती आमटी. कांदा-लसूण नाही ना घातलास?"

त्या दुपारी रत्ना वर आली, पुदिन्याच्या तेलाची बाटली आणि कापूस घेतला, आणि परत खाली गेली. मी जिन्यातून डोकावून पाहिलं. पदर कमरेला खोचून ती बिळासमोर बसली होती. मान दुसरीकडे वळवून तिने बोळा आत सारला. बाईजी शेजारी बसून शिकवत होत्या, "नुसतं सारू नको, बोल त्यांच्याशी." तेव्हापासून रत्ना खालीच जास्त असायची. त्या दोघी मिळून काय बोलायच्या आणि कशावर हसायच्या, ते मला कधी कळलं नाही. माझ्यावर असावं.

दोन वर्षांनी श्रावणात माझी बदली झाली, तीही नेमकी धुळ्याला. मी आनंदाने पत्र दाखवलं. रत्नाने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. बाईजी पर्युषणात अठाई करणार आहेत. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. यजमान दिवसभर दुकानात, मुलगा-सून सुरतेला. त्यांच्याजवळ कोण बसेल?"

बाईजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तो महिना माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी धुळ्याला एकटा, संध्याकाळी फोन लावायचो, तर पलीकडे दोघींचं हसणं चाललेलं. "नंतर करते," म्हणून रत्ना फोन ठेवून द्यायची. इतकी वर्षं ती माझी वाट बघत राहिली होती. आता मी तिची वाट बघत बसलो होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.