उतरवलेला गंधार

गोव्यात, मयेच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बाई पियानो शिकवायच्या. ख्रिस्ती, एकट्या, नवरा वारल्यावर आफ्रिकेतून परत आलेल्या. माझे वडील साखळीला मराठी शाळेत मास्तर. मी पेटी बरी वाजवते म्हणून त्यांनीच मला बाईंकडे धाडलं.

पहिल्या दिवशी बाईंनी झाकण उघडून आतली लोखंडी चौकट दाखवली. "बाय, पूर्वी हें लाकडाचें आसलें. वाजवपी इतक्या जोरान वाजवूंक लागले की तारो तुटताल्यो. मागीर लोखंड घातलें. संगीत रचपी आणखी सूर मागत गेले, तशो पट्ट्यो वाडत गेल्यो."

"मग मीही मागते," मी म्हणाले. मी घरचं भजन गायले. पियानोचा गंधार माझ्या कानाला चढा लागत होता, तसं सांगितलं. वाटलं, बाई हसतील. त्यांनी कपाटातून तारा पिळायची चावी काढली, मला तोच सूर धरायला लावला आणि त्या पट्टीच्या तिन्ही तारा केसभर उतरवल्या.

"आणि तुमचं वाजवणं?"

"थोडे दीस वायट वाजतलें. जावं दी."

दीड वर्ष गेलं नसेल, तोवर राजभाषा कोकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं. रस्त्यावर झाडं आडवी पडली, बसवर दगड आले. वडील मराठीच्या मोर्चात पुढे असायचे. एका संध्याकाळी चहाचा कप ठेवत म्हणाले, "उद्यापासून मयेला जायचं नाही. त्या बाईनं कोकणीच्या अर्जावर सही केलीय."

"पण त्या मला..."

"विषय संपला."

मी भांडले नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा घोषणांची चटक लागली होती.

पंधरवड्यानं बाई साखळीच्या बसस्टँडवर भेटल्या. हातात बाजाराची पिशवी. "बाय, येना गो तूं? बरी आसा मगो?"

भोवती माझ्या मैत्रिणी होत्या. मी मोठ्यानं म्हणाले, "मला कोकणी कळत नाही."

घरी आईशी मी त्याच बोलीत बोलायची. बाईंनाही ते ठाऊक होतं. त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बरं. सुखी राहा." आणि बसमध्ये चढल्या. मैत्रिणी हसल्या. मीही हसले.

पुढे कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, गोव्याचं वेगळं राज्यही झालं. वडिलांनी मोर्चाचे फलक माळ्यावर टाकले. बाई गेल्याचं मला तीन महिन्यांनी मासळीबाजारात कळलं. पियानो भाच्यानं किनाऱ्यावरच्या कुठल्याशा हॉटेलाला देऊन टाकला होता. मी मयेला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

आता माझी मुलं इंग्रजी शाळेत जातात. वडील ओसरीवर बसून त्यांच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलतात आणि मुलं त्यांच्या चुका काढतात.