दसऱ्याला पुजलेला सर्व्हर

माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सर्व्हर बसवला, तेव्हा बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांत साधा कॉम्प्युटरही नव्हता. सर्व्हर म्हणजे काय, तर ऑफिसने मोडीत काढलेला एक डबा, त्यात दोन नव्या हार्ड डिस्क आणि माझा माज. फोटो, गाणी, सिनेमे, सगळं त्यात. एकीवर जे जाईल ते आपोआप दुसरीवरही. एक मेली तरी दुसरी आहेच, असं मी येईल त्याला ऐकवायचो. दोन्ही एकाच डब्यात आहेत, एवढं साधं मला दिसलं नाही. मोठा शहाणा ना मी!

खरं कारण होतं आईची कॅसेट. आई जाऊन वर्ष झालं होतं. ताईच्या हळदीला ती गायली होती, ते कुणीतरी टेप केलं होतं. तिचा आवाज तेवढाच उरला होता. वसईच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरलेली. मी ती कशीबशी कॉम्प्युटरवर उतरवून सर्व्हरवर हलवली; पुन्हा लावली तर टेपरेकॉर्डरने फीत ओढून तिच्या चिंध्या केल्या. "एक सीडी तरी काढून ठेव," ताई म्हणाली. काढतो गं, काढतो, म्हणत सहा महिने घालवले.

बाबा रोज दुपारी जेवण झालं की कॉम्प्युटरवर ते गाणं लावायचे. कुठलं बटण दाबायचं ते मी कागदावर लिहून दिलं होतं. सगळी नोकरी गोखिवऱ्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर गेली, त्या खडखडाटात कान गेले, म्हणून आवाज फुल्ल. मधेच आई शब्द विसरते आणि हसते. तिथे बाबाही हसायचे. रोज.

दसऱ्याला कारखान्यात मशीन बंद करून, पुसून पुजायचे. रिटायर झाल्यावर बाबांची पूजा घरातल्या मिक्सरवर, इस्त्रीवर, माझ्या स्कूटरवर आली. त्या वर्षी सर्व्हरचाही नंबर लागला. तो चोवीस तास चालू असायचा. त्याला स्वतःचा स्क्रीन नव्हता, आणि दिव्याची लुकलुक बाबांना झोपू देत नाही म्हणून त्यावर मीच चिकटपट्टी लावलेली. पंख्याची घरघर त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"बंद आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

मी फोनवर होतो. वैतागून म्हणालो, "हो हो, उरका एकदाचं!"

त्यांनी आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू लावलं, ओल्या अक्षता वरच्या जाळीवर वाहिल्या. फट्ट झालं. जळका वास सुटला.

डिस्क घेऊन मी चार दुकानं पालथी घातली. दोन्ही गेल्या होत्या. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी डब्यावरच्या अक्षता एकेक करून वेचल्या. मग म्हणाले, "जन्मभर चालू मशीनला असा हात लावला नाही मी. आणि त्या दिवशी तुला विचारलंसुद्धा नाही रे. माझ्याच हाताने घालवली तिला."

त्यांनी विचारलं होतं. धक्क्यात ते त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. बाबा, तुम्ही विचारलंत, मीच हो म्हणालो, एवढंच सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "असू द्या, होतं असं."

पुढे बाबा सात वर्षं जगले. दर दसऱ्याला ते माझी माफी मागायचे, आणि मी त्यांना माफ करायचो.